स्पोर्ट्स कारला हिवाळी चाकांचा दुसरा संच: मोजमापापासून शेवटच्या बोल्टपर्यंत

चार चाकं काढून दुसरी चार चढवणं हे दीड-दोन तासांचं काम. ती बसतील की नाहीत, हे मात्र त्याच्या कितीतरी आधी, संच मागवण्यापूर्वी घेतलेल्या मापांवर ठरतं. साध्या गाडीत थोडं इकडेतिकडे झालं तरी निभावतं. स्पोर्ट्स कारमध्ये मोठ्या ब्रेक डिस्क, त्यांना चिमटीत धरणारे चार-सहा पिस्टनचे जाडजूड कॅलिपर, पुढे-मागे वेगळ्या रुंदीचे टायर आणि मडगार्डच्या आत जेमतेम उरलेली जागा असते. तिथे पाच मिलिमीटरच्या चुकीनेही नवी रिम परत पाठवायची वेळ येते. म्हणून इथे जॅक आणि पान्याच्या आधी मोजपट्टीचं काम येतं, आणि तेच जास्त आहे.

उन्हाळी टायर का चालत नाहीत

स्पोर्ट्स कारवर कारखान्यातून येणाऱ्या उन्हाळी टायरचं रबर उष्णतेत पकड देण्यासाठी बनवलेलं असतं. तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की ते कडक व्हायला लागतं. रस्ता कोरडा असला तरी पकड कमी होते, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेकिंगचं अंतर वाढतं. सेमी-स्लिक, म्हणजे अगदी कमी नक्षीच्या ट्रॅकच्या टायरच्या प्रकारात धोका त्याहून मोठा आहे: कडाक्याच्या थंडीत हे रबर वाकलं तर त्याला तडे जाऊ शकतात. त्यामुळे अशा टायरवर गाडी अंगणातून बाहेर काढणंही योग्य नाही.

हिवाळी टायरच्या रबरात सिलिकाचं प्रमाण असं राखतात की ते थंडीतही मऊ राहतं. नक्षी नवेपणी साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि प्रत्येक ठोकळ्यावर बारीक चिरा असतात. ठोकळा दाबला गेला की त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फात रुततात. विकत घेताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण शोधा. तो टायर बर्फावरच्या ठरलेल्या चाचणीत उतरलेला असतो. नुसतं ‘एम+एस’ लिहिलेलं असेल तर तो फक्त उत्पादकाचा दावा आहे. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी टायर म्हणून डोंगराची खूणच ग्राह्य धरतात.

त्याच रिमवर दरवर्षी टायर बदलत राहण्याचा पर्याय स्वस्त वाटतो, पण आम्ही तो सुचवणार नाही. लो प्रोफाइल (कमी उंच बाजूचा) टायर रिमवरून उतरवताना त्याची कडा आणि आतला प्रेशर सेन्सर दोन्ही धोक्यात येतात, रिमला ओरखडे पडतात आणि प्रत्येक वेळी नव्याने बॅलन्सिंग (वजनं लावून चाक संतुलित करणं) लागतं. शिवाय रस्त्यावरचं मीठ तुमच्या महागड्या रिमवरच बसतं. पॉलिश केलेल्या किंवा डायमंड-कट रिमचा मुलामा एकदा खड्याने टवकला की मीठमिश्रित पाणी त्याखाली शिरतं आणि पांढऱ्या रेषा पसरत जातात. हिवाळी संचासाठी पूर्ण रंगवलेली किंवा पावडर-कोट केलेली, कमी आणि जाड आऱ्यांची रिम घ्या. ती धुवायलाही सोपी पडते.

एक इंच लहान रिम, थोडा अरुंद टायर

हिवाळ्यासाठी रिम एक इंच लहान आणि टायर दहा-वीस मिलिमीटर अरुंद घेण्याची रीत आहे आणि तिला ठोस कारण आहे. टायरची बाजू उंच झाली की बर्फाखाली लपलेल्या खड्ड्यात रिम वाकण्याची शक्यता कमी होते. अरुंद टायर ताज्या बर्फात वर तरंगण्याऐवजी त्यातून कापत जातो. पण बाहेरचा एकूण व्यास मूळ टायरएवढाच राहायला हवा. फरक एक टक्क्याच्या आत ठेवा.

हिशेब सोपा आहे. २४५/३५ आर २० या टायरच्या बाजूची उंची २४५ मिमी रुंदीच्या ३५ टक्के, म्हणजे ८५.७५ मिमी. तिची दुप्पट १७१.५, अधिक रिमचे २० इंच म्हणजे ५०८ मिमी, एकूण ६७९.५. त्याऐवजी २४५/४० आर १९ घेतला तर १९६ अधिक ४८२.६, म्हणजे ६७८.६. एक मिलिमीटरचाही फरक नाही, स्पीडोमीटरला तो कळणारही नाही. टोयोटा जीआर ८६ वर २१५/४० आर १८ च्या जागी २१५/४५ आर १७ घेतला तर व्यास ६२९.२ वरून ६२५.३ होतो. तोही चालतो.

पुढे-मागे वेगळे टायर असलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीत आणखी एक गोष्ट तपासावी लागते: पुढच्या आणि मागच्या व्यासाचं गुणोत्तर. पुढे २४५/३५ आर २० आणि मागे ३०५/३० आर २० असतील, तर मागचा व्यास (६९१ मिमी) पुढच्याच्या १.०१७ पट आहे. हिवाळ्यात पुढे २४५/४० आर १९ आणि मागे २९५/३५ आर १९ (६८९.१ मिमी) घेतले तर गुणोत्तर १.०१५ राहतं, म्हणजे जवळपास तेच. पण चारही चाकांना एकाच मापाचे टायर बसवले तर गुणोत्तर १ होतं. गाडी सरळ जात असतानाही पुढचे आणि मागचे अ‍ॅक्सल वेगवेगळ्या गतीने फिरतायत असं मधल्या क्लचला वाटतं, तो सतत घसरत राहतो आणि तापून निकामी होतो. याच कारणासाठी अशा गाडीत चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि सारख्या झिजेचे लागतात.

टायरची भारक्षमता गाडीच्या दारावरच्या पट्टीत दिलेल्या आकड्यापेक्षा कमी घेऊ नका. वेगाच्या श्रेणीबाबत मात्र सवलत असते. युरोपात बऱ्याच ठिकाणी हिवाळी टायर गाडीच्या कमाल वेगापेक्षा खालच्या श्रेणीचा चालतो, फक्त चालकाला दिसेल अशा जागी त्या वेगाचं स्टिकर लावावं लागतं. एच म्हणजे ताशी २१० किमी, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. आम्ही किमान व्ही घ्यायला सांगू. वरच्या श्रेणीच्या टायरची बाजू सहसा कडक असते आणि स्टीअरिंग कमी लिबलिबीत लागतं.

ऑफसेट, हबचं भोक आणि बोल्ट

रिमच्या मागच्या बाजूला ‘८.५ जे × १९ ईटी ४५’ असं काहीसं कोरलेलं असतं. ८.५ ही इंचातली रुंदी, आणि ईटी (ऑफसेट) म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसतं त्याला, टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये. नवी रिम आतबाहेर किती सरकेल ते यावरून निघतं. रुंदीचा अर्धा भाग मिलिमीटरमध्ये काढा. त्यात ईटी मिळवला की सस्पेन्शनकडची बाजू मिळते, वजा केला की मडगार्डकडची. ८.५ जे ईटी ४५ साठी ही मापं १५२.९५ आणि ६२.९५ येतात, ८ जे ईटी ४० साठी १४१.६ आणि ६१.६. म्हणजे नवी रिम आतल्या बाजूने ११ मिमी मोकळी झाली आणि बाहेरून जेमतेम मिलिमीटरभर आत गेली. हा बदल सुरक्षित आहे. उलट, आतल्या बाजूला मूळपेक्षा पाच मिमी जास्त शिरणारी रिम दिसली तर स्ट्रटपाशी (सस्पेन्शनच्या उभ्या दांड्यापाशी) किती जागा आहे ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हबच्या कड्यावर बसणारं रिमचं मधलं भोक गाडीनुसार ठरलेलं असतं: पोर्श ९११ ला ७१.६ मिमी, जीआर ८६ ला ५६.१, माझदा एमएक्स-५ ला ५४.१. बाजारातल्या बऱ्याच रिमचं भोक मोठं असतं आणि फरक रिंगने भरून काढतात. रिंग अ‍ॅल्युमिनियमची घ्या. जोरात वापरलेल्या ब्रेकच्या उष्णतेत प्लास्टिकची रिंग वितळून हबला चिकटलेली आढळते. रिंगशिवाय चाक फक्त बोल्टवर मध्यात येतं, आणि ताशी ९०-१०० किमीला स्टीअरिंग थरथरायला लागतं.

सगळ्यात धोकादायक चूक बोल्टच्या बैठकीत, म्हणजे बोल्टचं डोकं रिमला जिथे टेकतं तिथे, होते. काही गाड्यांचा बोल्ट गोल डोक्याचा असतो, बाजारातल्या बहुतेक रिमना ६० अंशांच्या शंकूच्या आकाराचा लागतो. दोन्हींचे आटे तेच असल्यामुळे चुकीचा बोल्ट व्यवस्थित आत जातो, टॉर्कही (आवळण्याचा ठरलेला जोर) लागतो, पण तो एका बारीक वर्तुळावरच टेकलेला असतो. काही दिवसांत सैल पडतो. रिमसोबत कोणत्या बैठकीचे आणि किती लांबीचे बोल्ट लागतात ते विक्रेत्याकडून लिहून घ्या. मग हाताने बसवताना फेरे मोजा: एम १४ × १.५ चा (१४ मिमी जाड, आट्यांमधलं अंतर १.५ मिमी) बोल्ट किमान साडेसात फेरे, एम १४ × १.२५ चा नऊ आणि एम १२ × १.५ चा साडेसहा फेरे आत जायला हवा. फार लांब बोल्टही नको. तो हबच्या मागे निघून हँडब्रेकच्या यंत्रणेला किंवा एबीएसच्या कड्याला घासू शकतो.

कॅलिपरशी गाठ

ईटी आणि रुंदी जुळली म्हणजे रिम बसेल, असं नाही. दोन रिमची मापं अक्षरशः सारखी असतात, पण एकीच्या आऱ्या बाहेर फुगलेल्या आणि दुसरीच्या आत वळलेल्या असतात. दुसरी कॅलिपरवर अडकते.

मूळ चाक काढा आणि दोन मापं घ्या. पहिलं, हबच्या केंद्रापासून कॅलिपरच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापर्यंत. दुसऱ्यासाठी डिस्कच्या ज्या सपाट भागावर चाक टेकतं तिथे लोखंडी पट्टी आडवी धरा आणि कॅलिपर त्या पातळीच्या बाहेर किती येतो ते मोजा. बरेच रिम उत्पादक कॅलिपरचा कागदी साचा देतात. तो खऱ्या मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि हबवर फिरवून बघा.

रिम आल्यावर टायर चढवण्याआधी ती कोरडीच बसवून बघा, कारण टायर चढलेली रिम कोणी परत घेत नाही. कॅलिपरच्या कोपऱ्यांवर आणि बाहेरच्या तोंडावर मुलं खेळतात त्या मातीच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या चिकटवा, रिम दोन बोल्टनी हातानेच घट्ट करा आणि एक पूर्ण फेरा हळूच फिरवा. रिम काढून दबलेल्या मातीची जाडी मोजा. सगळीकडे किमान तीन मिमी हवी, आणि आतल्या भिंतीच्या बाजूला पाचपेक्षा कमी असेल तर आम्ही ती रिम घेणार नाही. कारण बॅलन्सिंगची चिकटवायची वजनंच तीन-चार मिमी जाड असतात. ती कॅलिपरला घासून निघाली की एक तर ‘टक-टक’ आवाज येतो, नाहीतर वजनं रस्त्यावर पडून चाक पुन्हा असंतुलित होतं. ही चाचणी पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलवर करा.

टायरप्रेशर सेन्सर

गाडीत हवेचा दाब कसा मोजला जातो ते आधी बघा. काही गाड्या एबीएसच्या चाकगतीच्या संकेतांवरून अंदाज बांधतात. तिथे नव्या चाकांत काही बसवावं लागत नाही, हवा भरून मेनूतून रीसेट केलं की झालं. प्रत्यक्ष सेन्सर असलेल्या गाडीत मात्र प्रत्येक चाकाला वेगळा सेन्सर लागतो. फ्रिक्वेन्सी गाडीनुसार ४३३ किंवा ३१५ मेगाहर्ट्झ असते. आधी गाडीची फ्रिक्वेन्सी बघा, मगच सेन्सर मागवा. काही गाड्या थोडं अंतर चालल्यावर नवे सेन्सर आपोआप ओळखतात, काहींना निदानयंत्राने ओळखी भराव्या लागतात. जुन्या सेन्सरच्या ओळखी नव्यांवर नक्कल करून घेतल्या तर मोसम बदलताना काहीच करावं लागत नाही.

व्हॉल्वची नळी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर आतली सुई निकेलचा मुलामा दिलेली वापरा. साधी पितळी सुई मीठमिश्रित पाण्यात अ‍ॅल्युमिनियमशी चिकटते आणि मग हवा भरायला गेलं की नळीच तुटते. टोपणंही प्लास्टिकचीच ठेवा.

टायर चढवून बॅलन्सिंग करताना बाणाची दिशा बघा. हिवाळी टायर बऱ्याचदा एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेले असतात, त्यामुळे डावी-उजवी चाकं वेगळी असतात. त्यावरचा चार आकडी अंकही वाचा: ३६२४ म्हणजे २०२४ चा ३६ वा आठवडा. सहा वर्षांपेक्षा जुना हिवाळी टायर, नक्षी शिल्लक असली तरी, घेऊ नका.

गाडी उचलताना

सपाट, कडक जमीन, हँडब्रेक, उरलेल्या चाकांना पाचर. गाडी खूप खाली असेल तर दोन्ही चाकं तीन-चार सेंटीमीटर जाडीच्या फळ्यांवर चढवा म्हणजे लो प्रोफाइल जॅक आत जातो. एअर सस्पेन्शन असेल तर आधी जॅक मोड सुरू करा. बोल्ट चाक जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करून ठेवा. चोरी टाळण्यासाठीच्या लॉक बोल्टची चावी आधी शोधून ठेवलेली बरी.

जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या जागी लावा आणि मध्ये रबराची गादी ठेवा. खालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर किंवा कार्बनच्या भागावर जॅक लागला तर दुरुस्ती या सगळ्या संचापेक्षा महाग पडते. कडक बॉडीच्या गाड्यांत, विशेषतः मागे इंजिन असलेल्यांत, मागच्या जागी जॅक लावला की त्या बाजूचं पुढचं चाकही उचललं जातं. त्याने दचकू नका, पण स्टँड लावल्याशिवाय हात आत घालू नका.

बोल्टने चाक बसणाऱ्या गाडीत दोन मार्गदर्शक पिना वरच्या छिद्रांत घट्ट बसवा आणि चाक त्यावरून सरकवत आणा. सिरॅमिक ब्रेक असतील तर पिना अत्यावश्यक आहेत. हातातून घसरलेली रिम डिस्कच्या कडेला लागली तर टवका उडतो, आणि त्या डिस्कला दुरुस्ती नाही.

हब साफ करणं हेच खरं बसवणं

मूळ चाक निघालं की हबच्या तोंडावर तपकिरी गंजाचा थर आणि मधल्या कड्याभोवती पांढरी भुकटी दिसते. तारेच्या ब्रशने आणि खरखरीत पॅडने ते उघड्या धातूपर्यंत साफ करा, कापडाने पुसा. नव्या रिमचा टेकणारा भागही बोटाने चाचपून बघा. रंगाचा ओघळ असेल तर तोही काढा. नखाएवढी गंजाची पापडी मध्ये अडकली तरी चाक तिरकं बसतं. गाडी चालल्यावर ती पापडी चिरडली जाते, बोल्टचा ताण उतरतो, आणि टॉर्क बरोबर देऊनही बोल्ट सैल झाले असं वाटतं.

मधल्या कड्याला सिरॅमिक किंवा अ‍ॅल्युमिनियम पेस्टचा अगदी पातळ हात द्या, म्हणजे वसंतात चाक लाथा मारून काढावं लागणार नाही. टेकणाऱ्या सपाट भागावर नको. बोल्टच्या आट्यांना आणि बैठकीला पुस्तिकेत सांगितलं नसेल तर तेल-ग्रीस काहीही लावू नका. वंगणामुळे त्याच टॉर्कला बोल्टवर बराच जास्त ताण येतो आणि तो ताणला जातो.

सगळे बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवा, मग एक सोडून एक अशा ताऱ्याच्या क्रमाने हलके आवळा. गाडी खाली उतरवा, टायर जमिनीला टेकला की आधी निम्म्या, मग पूर्ण टॉर्कला आणा. पोर्श ९११ च्या नव्या पिढ्यांना १६० न्यूटन-मीटर, बीएमडब्ल्यूच्या एम १४ बोल्टना १४०, जीआर ८६ ला १२०, एमएक्स-५ ला १०८ ते १४७. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतून घ्या. हवेच्या गनने शेवटचा आवळा देऊ नका. मध्यभागी एकच नट असलेल्या गाड्यांचं गणित वेगळं आहे: पोर्श ९११ जीटी३ ला ६०० न्यूटन-मीटर लागतात, त्यासाठी लांब टॉर्क रेंच आणि ब्रेक दाबून बसणारा दुसरा माणूस हवा. ती साधनं नसतील तर हे काम कार्यशाळेतच करून घ्या.

५० ते १०० किमी चालल्यावर, चाकं थंड असताना, टॉर्क पुन्हा तपासा. नव्या रिमचा रंग बैठकीत दबला जातो, म्हणून पहिल्या वेळी थोडा फेरा निघणं स्वाभाविक आहे. दुसऱ्या वेळीही निघाला तर चाक काढून बैठक आणि हब बघा.

हवा, पहिले ३०० किमी आणि थरथर

दर दहा अंशांनी तापमान उतरलं की दाब साधारण ०.१ बारने कमी होतो. २० अंशांच्या गॅरेजमध्ये हवा भरून उणे ५ अंशांत बाहेर पडलात तर पाव बारहून जास्त दाब गेलेला असतो. शक्यतो बाहेर, थंड टायरमध्ये हवा भरा. हिवाळी मापासाठी पुस्तिकेत वेगळी ओळ असते. उन्हाळी दाब तसाच वापरू नका. गाडीच्या मेनूत टायरचा प्रकार निवडायची सोय असेल तर तिथेही बदल करा.

नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून काढताना लावलेला थर असतो, त्यामुळे पहिले ३०० किमी जपून चालवा. कोरड्या रस्त्यावर वळताना गाडी किंचित उशिरा प्रतिसाद देईल. तो मऊ, उंच नक्षीचा परिणाम आहे, दोष नव्हे.

बर्फातून आल्यावर अचानक स्टीअरिंग जोरात थरथरायला लागलं तर बॅलन्सिंगवाल्याकडे धावण्याआधी रिमच्या आतल्या पोकळीत बघा. आत चिकटून गोठलेला बर्फ चाक असंतुलित करतो. काठीने किंवा कोमट पाण्याने तो काढला की थरथर जाते. थरथर कोरड्या रस्त्यावर आणि ठरावीक वेगालाच येत असेल तर हबची रिंग आणि वजनं तपासा. फक्त ब्रेक दाबताना येत असेल तर हबच्या तोंडावरची घाण शोधा.

काढलेला संच

उन्हाळी चाकं धुवून पूर्ण वाळवा आणि खडूने ‘पुढे डावं’ अशा खुणा करा. रिमसकट टायर एकावर एक आडवे ठेवा किंवा टांगा; नुसते टायर उभे ठेवून महिन्याला थोडे फिरवा. जागा थंड आणि अंधारी असावी. जवळ पेट्रोल किंवा चालू विद्युत मोटर नसावी, कारण मोटरच्या ठिणग्यांतून निघणारा ओझोन रबराला चिरा पाडतो. सेमी-स्लिक मात्र गोठणबिंदूच्या वरच्या खोलीत ठेवा. कडक थंडीत राहिले असतील तर हलवण्याआधी दिवसभर सामान्य तापमानात येऊ द्या.

सकाळचं तापमान सातत्याने ७ अंशांच्या वर राहायला लागलं की चाकं बदला, कारण हिवाळी रबर उन्हात झपाट्याने झिजतं. उतरवताना प्रत्येक टायरची नक्षी तीन ठिकाणी मोजून रिमवर चिकटपट्टीने लिहून ठेवा. ऑस्ट्रियात ४ मिमीपेक्षा कमी नक्षीचा रेडियल टायर हिवाळी म्हणून धरलाच जात नाही, आणि बर्फावर त्याखाली पकड झपाट्याने घटते. आकडा पाचच्या आसपास असेल तर पुढचा हिवाळा पूर्ण निघणार नाही. फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीसाठी चारही टायर उन्हाळ्यातच मागवून ठेवा.